गौरीची नथ, यंदाची

३ ऑगस्ट, रवि.

पाऊस धरलाय. कपाटाला बुरशीचा वास यायला लागला म्हणून सगळं बाहेर काढलं. मंगळसूत्राच्या वाट्या पुसायला घेतल्या. काळे मणी त्या दिवशी बायकांनी तोडले. वाट्या तेवढ्या कागदात गुंडाळून कुणीतरी माझ्या उशाखाली ठेवल्या होत्या.

दर श्रावणात वाट्यांच्या पोटात साचलेली हळद मी सुईने कोरून काढते. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने घासते. ह्यांची मस्करी ठरलेली, "माका कधी इतक्या मायेन घासलंस नाय." यंदा सुई घेतली हातात आणि परत ठेवली. हे वैशाखात गेले, आता तिथे नवी हळद लागायची नाही. आहे ती राहू दे.

माझी नथही काढून पुसली. कोरड्या मलमलीने. घालायची नसली तरी मोती पुसावे लागतात, इथली हवा खारी.

दुपारी जेवले नाही. एकटीसाठी भात लावायचा म्हणजे शिक्षाच आहे.

६ ऑगस्ट, बुध.

शैला आली होती. धाकटी जाऊ, भिंतीपलीकडची. घर एकच होतं, सासूबाई गेल्यावर मधे भिंत आली. गणपतीची खोली तिच्या बाजूला गेली, गौरीच्या दागिन्यांचा डबा माझ्या कपाटात राहिला. नारळाच्या झाडांवरून भांडणं झाली आमची, पण ह्या वाटणीवरून कधी झालं नाही. चतुर्थीआधी डबा मी उघडायचा, साफ मी करायचा, गौर मी नेसवायची. ती घावनं घालायची. बरं चाललं होतं.

आज बसली नाही, उभ्यानेच बोलली. "वैनी, औंदा तुमी दगदग करू नकात. डबो माज्याकडे दिया. रेश्माचो पयलो ओवसो आसा, तीच करीत साफ."

रेश्मा तिची सून. माघात लग्न झालं, इन्सुलीची. नव्या सुनेने पहिल्या वर्षी भरली सुपं गौरीपुढे ओवाळायची, तो ओवसा, ते मला कोणी सांगायला नको. पण दागिने साफ करण्याचा आणि ओवशाचा काय संबंध? विचारलं, माझे हात मोडलेत का? तर खाली बघून म्हणाली, "तसां न्हय ओ. सवाष्णीच्या हातान झालेला बरा, असा सगळी म्हणतत."

सगळी म्हणजे कोण, ते सांगितलं नाही. मी पण पुढे विचारलं नाही. नाव ऐकलं असतं तर रोज तिच्या दारावरून दुधाला जाणं आलं असतं.

डबा दिला. देताना किल्ली सापडत नाही असं नाटक केलं थोडा वेळ. किल्ली कमरेलाच होती.

९ ऑगस्ट, शनि.

नारळी पौर्णिमा. नारळीभात केला नाही.

आठवलं, ग्रामसभेत ठराव झाला होता. विधवांच्या बाबतीतल्या जुन्या प्रथा गावात बंद. सूचक कोण? हेच. मी बायकांच्या रांगेत बसले होते, टाळ्या वाजवल्या. घरी येताना म्हणाले, "बघ, तुझी सोय करून ठेवली." मी म्हटलं, आधी तुम्ही जायचं कशावरून? मीच जाईन. हसले.

ठराव फायलीत आहे, फाईल ग्रामपंचायतीच्या कपाटात. कुणी मोडला नाही की कुणी पाळला नाही. शैला पण होती टाळ्या वाजवायला. तिच्या मनात काही वाईट नाही, हे मला माहीत आहे. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

११ ऑगस्ट, सोम.

श्रावणी सोमवार. पलीकडची सगळी कुणकेश्वराला गेली. जाताना बाळा भावजींनी, शैलाच्या नवऱ्याने, गाडीतून विचारलं, येता का. गाडी सुरू करून विचारायची पद्धत असते ना, तसं.

घर रिकामं. हाताला काम नाही. डबा नाही तर नाही, डोक्यातल्या डोक्यात उघडला. वर पाटल्या. त्या भरीव, रिठ्याच्या पाण्यात खुशाल बुडवायच्या. मग गोठ आणि बोरमाळ, आत लाख भरलेली. त्यांना गरम पाणी दाखवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं नि सावलीत वाळवायचं. वजरटीक खाली कापडावर बसवलेली, तिला पाण्याचा थेंब नको, कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. सगळ्यात खाली कुड्या आणि नथ. सासूबाईंच्या सासूची नथ. मोती टपोरे, किंचित गुलाबी. त्यांना आंबट नको, साबण नको, सोड्याचं तर नावच नको. नुसती मलमल. सासूबाई म्हणायच्या, मोती म्हणजे ल्हान पोर, त्याका पुसूचा, घासूचा नाय.

त्यांनी मला शिकवलं ते माझ्या पहिल्या ओवशाच्या वर्षी. शेजारी बसवून. मी पाटलीवर जोर केला की हातावर चापटी. मी पण मनात धरलं होतं, शैलाच्या निखिलची बायको येईल तेव्हा तिला अशीच बसवायची शेजारी. आमच्या विनयच्या लग्नाचं काही चिन्ह नाही, तर निखिलची तर निखिलची.

सगळं मनातल्या मनात पुसून झालं, डबा बंद केला. मग रडले. वेड्यासारखी.

१५ ऑगस्ट, शुक्र.

विनयचा फोन. मुंबईला ये, तिथे एकटी काय करतेस. म्हटलं, चतुर्थी झाल्याशिवाय कशी येऊ? म्हणाला, यंदा तुला काय काम आहे? सरळ मनाने विचारलं त्याने. बरोबरच आहे. यंदा मला काय काम आहे.

नोकरीत होते तेव्हा ओरोसच्या गाडीला सकाळी पळत जायचे. वाटायचं, कधी एकदा रिटायर होते आणि स्वस्थ बसते. बस आता.

२१ ऑगस्ट, गुरु.

पलीकडे दिवसभर भांडी घासण्याचा आवाज. समया, निरांजनं, तांब्याची भांडी, सगळं निघालं. दुपारनंतर अंगणात उन्हाची तिरीप आली तेव्हा उपडी घालून ठेवलेली दिसली. लखलखीत. पोरीच्या हाताला काम आहे.

संध्याकाळी रेश्माच आली, मागच्या दाराने. हातात नवा कोरा दात घासायचा ब्रश, कडक. "मोठे आये, उद्या दागिने काढूचे आसत. कशात भिजत घालू? आईंका इचारला, त्या म्हणाल्यो, तुका जमात तसा कर." शैलाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला बारीक काही दिसत नाही आणि ती ते कबूलही करत नाही.

मला उत्तर तोंडपाठ होतं. विनय लहान असतानाचा केसांचा मऊ ब्रश पण समोर फळीवर होता. आणि मी काय म्हटलं? "माका कित्याक इचारतंस? एखाद्या सवाष्णीक इचार."

तिचं तोंड एवढंसं झालं. 'बरा' म्हणाली आणि गेली. काय तिखट बोलले, म्हणून थोडा वेळ मलाच बरं वाटलं. नंतर चहा गोड लागला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्र.

हे लिहावं की नाही कळत नाही. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तेव्हा इथे तरी.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. रेश्मा विहिरीजवळच्या बिंबलाखाली उभी, ओच्यात बिंबलं तोडून घेत होती. बिंबलाने पितळ-तांबं घासतात, आंबट जहाल असतं. पण पितळ-तांबं काल घासून झालं होतं. मी स्वतः बघितलं होतं. मग आज बिंबलं कशाला, ते मला कळलं. तिच्या माहेरी असतील नुसत्या सोन्याच्या बांगड्या, चालत असेल तिथे. पोरीला वाटलं असेल, समया चकाकल्या तर नथ पण चकाकेल.

तिने बिंबलं ठेचली, टोपात पाणी घातलं. डबा आणला. एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून, कपाळाला लावून आत सोडली. वर झाकण ठेवून आत गेली.

खिडकीतून हाक मारली असती तरी पुरे होतं. "गो, मोती काढ" एवढंच. तोंडात आलं होतं. पण त्याच्या आधी दुसरं आलं मनात, कळू दे एकदा. सवाष्णीचा हात काय असतो तो बघू दे सगळ्यांना.

चहा पीत बसले. उठले नाही. जेवले, आडवी झाले, तरी उठले नाही. टोप दुपारभर तिथेच होता.

दिवे लागायच्या वेळी पलीकडून रडणं ऐकू आलं.

२३ ऑगस्ट, शनि.

शैला नथ घेऊन आली दाखवायला. पदराच्या टोकात. मोती चुनखडीसारखे झालेत. ती गुलाबी झाक गेली, तुकतुकी गेली, बोट लावलं तर खरखरीत. कुड्यांचं तेच. वजरटिकेचं कापड भिजून फुगलंय. पाटल्या मात्र झकास निघाल्या म्हणे.

"कायतरी करूक येयत?" म्हणून विचारलं तिने. मी हातात घेतली. ह्या नथीला मी किती वर्षं पुसलं. गौरीच्या नाकात दरवर्षी मीच अडकवली. मीच मारली ती.

नाही येणार म्हटलं. तिने ती परत पदरात बांधली आणि गेली.

२४ ऑगस्ट, रवि.

बाळा भावजी मालवणला सोनाराकडे जाऊन आले. तो म्हणाला, मोती मेले, वरचा थर खाल्लाय आंबटाने, आता पॉलिशही होत नाही. नवे ओवून देतो, पण कारागीर गावी गेला, चतुर्थी झाल्यावर या. तोवर बाजारातली खोट्या मोत्यांची घेऊन जा म्हणाला. आमच्या घरात गौर खोट्याने कधी सजली नाही.

रेश्मा दिसली नाही दिवसभर.

२५ ऑगस्ट, सोम.

माटवी बांधायचं चाललंय पलीकडे. गणपतीच्या डोक्यावर टांगायला रानातली फळं, पानं, नारळाच्या पेंडी. दरवर्षी त्यातली कवंडळं कुठे मिळतात ते मला विचारतात. यंदा नाही विचारलं.

शेजारची आक्का आली होती त्यांच्याकडे. भिंत काही फार जाड नाही. म्हणत होती, चेडू माघात घरात आलं, वैशाखात घरचो माणूस गेलो, आता गौरीच्या नाकातली नथ गेली. ह्या काय बरा लक्षण न्हय. शैला म्हणाली, "माका पण ताच वाटता गो."

भिंतीला टेकून बसले. म्हणजे ह्यांचं मरण त्या पोरीच्या माथी! ह्यांना छातीत कळ आली तेव्हा ती बिचारी माझ्या आधी धावली होती, अनवाणी, रिक्षा बघायला. आणि नथीचं म्हणाल तर नथ कुणामुळे गेली ते ह्या भिंतीच्या अलीकडे बसलंय.

आता जाऊन सांगायचं होतं. सरळ. मी बघत होते, मला माहीत होतं, मी गप्प राहिले. पाच मिनिटांचं काम. पण मग मी काय राहते ह्या घरात? आज निदान बिचारी आहे. सांगितल्यावर चेटकीण होईन. नवरा गेला तशी डोक्याने फिरली म्हणतील, आणि ते तरी खोटं कुठे आहे?

गेले नाही.

२६ ऑगस्ट, मंगळ.

हरतालिका. सकाळी रेश्मा विहिरीवर एकटी दिसली. डोळे सुजलेले. मागच्या दारात बोलावलं. आली, पण उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत यायला घाबरते की आत यायचं नाही असं सांगितलंय, विचारलं नाही.

कपाटातून माझी नथ काढली. माझ्या आईने दिलेली, घडण साधारण तशीच, मोती थोडे लहान. तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, गौरीक घाल. कुणाची ता सांगू नको.

ती बघत राहिली. "मोठे आये, पण ही तुमची..."

"माझी म्हणान काय? मोत्यांका कळता, घोव जितो आसा काय नाय ता?"

जरा जास्तच बोलले. ती रडायलाच लागली, नथ मुठीत धरून. मग मलमल पण दिली, ब्रश पण दिला, कशाला काय करायचं ते सगळं सांगितलं. आता सांगितलं! पोरगी मान हलवत होती. एकदा म्हणाली, "माज्या हातान असा कसा झाला?" तेव्हा तरी सांगायचं. म्हटलं, होता कधी कधी.

नथ देणं सोपं होतं. तोंड उघडणं नाही.

२७ ऑगस्ट, बुध. चतुर्थी

गणपती आला. ह्यांच्या डोक्यावरून यायचा, यंदा निखिलच्या. तो गोव्याहून सुट्टी काढून आलाय. माझ्या दारासमोर येऊन क्षणभर थांबला, "मोठे आये, बघ गणपती." बरा आहे तो मुलगा. मी दारातूनच हात जोडले.

आरतीला बोलावलं होतं. मागे उभी राहिले. आरतीचं ताट फिरत फिरत आलं आणि माझ्या आधी वळलं. मुद्दाम नसेल. तसं काही मुद्दाम कोणीच करत नाही.

मोदक आले ताटातून. खाल्ले नाहीत. कावळ्याला घातले, त्याने पण अर्धे टाकले.

३१ ऑगस्ट, रवि. गौर आली

मुली नि बायका पाणवठ्यावर जाऊन गौर घेऊन आल्या. तेरड्याची रोपं, हळदीची पानं. आवाज ऐकत घरात बसले. 'गौर कशाच्या पावलानी आली' विचारतात ना दारात, तो प्रश्न दरवर्षी मी विचारायचे. आज शैलाने विचारला. आवाज बसलाय तिचा. बहुतेक रडून.

दुपारी आतली दारं लावून गौर नेसवली. मी माझ्या स्वयंपाकघरात, हातात काही नाही. निऱ्या कशा घातल्या असतील? मुखवटा नीट बसला असेल? बोरमाळ पाटल्यांच्या आधी घालायची, नाहीतर अडकते. सांगितलं होतं की नाही रेश्माला, आठवेना.

१ सप्टें., सोम. ओवसा

गेले मी. न बोलावता. पडवीत खांबाला टेकून बसले, तिथून गौर नीट दिसते.

दिसली. हिरवी साडी, निऱ्या जरा वर झाल्यात. आणि नाकात माझी नथ.

लग्नात घातली होती ती मी. विनयच्या बारशाला घातली. ह्यांच्या साठीला घातली, तेव्हा म्हणाले होते, "अजून शोभता हां." वैशाखात काढली आणि आज ती गौरीच्या नाकात, दिव्यांच्या उजेडात, सगळ्या वाडीसमोर. बायका एकमेकींना दाखवत होत्या. आक्का म्हणाली, नथ काय तेजाळली गो, सोनारान चांगली करून दिल्यान.

रेश्मा ओवसायला बसली. सुपात काकडी, केळी, पानं, हळदीकुंकू. गौरीपुढे सूप फिरवताना एकदा मान वळवून तिने मला शोधलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, कर, कर. मग सुपं घेऊन मोठ्यांच्या पाया पडत फिरली. माझ्यापर्यंत आली, वाकली, सूप पुढे केलं. तेवढ्यात शैलाने तिला हाक मारली, आधी आत्तेंका दी म्हणून. आत्तेंना, माझ्या नणंदेला, दिलं. माझ्याकडे परत यायचं राहिलं.

नथ चालली माझी. मी चालले नाही.

घरी आले आणि दिवा न लावता बसले. ह्यांना शिव्या दिल्या मोठ्याने. कशाला सोय करून ठेवली म्हणालात? कुठे आहे ती सोय?

२ सप्टें., मंगळ. गौर-गणपती गेले

सकाळी रेश्मा आली, मागच्या दाराने. आज आत आली. खाली मान घालून सांगितलं तिने. मी विचारलं नव्हतं, पण तिच्याने राहवेना.

शैलाने नथ हातात घेताच ओळखली होती. ओळखणारच. शैलाच्या लग्नात तिच्या माहेरची नथ नव्हती, तेव्हा माझीच तिच्या नाकात घातली होती मी. मोतीबिंदू असू दे नाहीतर काही असू दे, ती नथ तिला हाताला कळली असेल. चिडली नाही म्हणे. बराच वेळ नुसती धरून बसली. मग म्हणाली, घाल. पण आधी गोमूत्रात ठेव थोडी, मगे घाल.

"मी नाय म्हटला, मोठे आये. मोती पुसूचे असतत, भिजवूचे नसतत, असा तुमी सांगितलास. पण त्येनी ऐकला नाय. स्वता रात्रभर ठेवल्यानी."

पोरीला पाणी दिलं. आक्काने सोनाराला श्रेय दिलं, ती नथ गौर यायच्या आदल्या रात्री गोमूत्रात होती. माझ्या नाकातली म्हणून.

इतकं रडून झालंय की आता पाणीच येत नाही. रागही नाही आला म्हणण्यासारखा. रिकामं झालं आत. ह्या घरात माझं सोनं धुऊन घ्यायचं, मला मात्र धुतलं तरी घ्यायचं नाही. मग विनयकडे जाऊन त्याच्या खिडकीत का बसू नये? खिडकी खिडकीच.

नंतर रेश्माने दुसरं सांगितलं. गौर बोळवून झाली की तिला माहेरी, इन्सुलीला धाडणार आहेत. चारच्या गाडीने. परत कधी आणायचं ते ठरलेलं नाही. आधी घरात शांती करून घ्यायची, मग बघायचं. निखिल काही बोलत नाही, उद्या गोव्याला जातोय. पोरीची बॅग ओटीवर भरून ठेवलीय. ती सांगत होती जणू दुसऱ्याच कुणाचं.

दुपारी गणपती आणि गौर एकदमच गेले. मी दारातून बघितलं. ढोलांचा आवाज वळणावर गेला तसा पलीकडे सामसूम.

सगळी परतल्यावर शैला आली. पुढच्या दाराने. आत नाही आली, पडवीच्या पायरीवर बसली. पदरातून नथ काढून शेजारी ठेवली. मोती पिवळट पडलेत, मधला तर डागाळलाच. काल दिव्यांच्या उजेडात लांबून दिसलं नव्हतं.

म्हणाली, "वैनी, पिवळे पडले ओ. कशान पुसूचे ता सांगा."

तिने वर बघितलं नाही. म्हणाली, माझ्या हातून चूक झाली, तुमच्या नथीला असं करायला नको होतं. पण तिला भीती वाटते. गेल्या माघापासून घरात एकामागून एक होतंय, आता निखिलला काही झालं तर? "तेवढ्यासाठीच तेका धाडतंय. माका काय ता नको झाला न्हय. गुणी आसा चेडू. पण तेच्या हातान गौरीचे मोती मेले, ता कसा इसरू?"

आणि रडायला लागली. माझी जाऊ माझ्यासमोर कधी रडली नाही, ह्यांच्या वेळीसुद्धा तोंड भिंतीकडे करून रडली होती.

चहा टाकते म्हणून मी आत आले. चहा टाकलेला नाही. हे लिहीत बसलेय.

मोती कशाने पुसायचे ते सांगणं सोपं आहे. पण ते सांगितलं की ती विचारणार, हे तुम्हाला माहीत होतं तर तेव्हा का नाही सांगितलंत? रेश्माने तुम्हाला विचारलं होतं ना? मग सगळंच निघणार. बिंबल, खिडकी, चहा. तिची भीती जाईल, पोरीची बॅग आत जाईल. आणि पायरीवर बसलेली ही बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघेल, ती नजर घेऊन मला ह्या भिंतीला लागून राहायचंय.

नाही सांगितलं तर चारची गाडी.

बाहेर ती अजून बसलीय, नाक ओढल्याचं ऐकू येतं. पलीकडे भावजी रिक्षावाल्याला फोन करतायत. रेश्माचा आवाज नाही.

आज तरी उठायला हवं.